आपत्ती सोसणारे काँक्रीटचे घर आणि घराचा विमा



सुगी उरकली, हातात चार पैसे आले की घर बांधण्याचा विचार पुढे येतो. जुने माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, कौले काढून पत्रे घालायचे किंवा मुलांसाठी दोन खोल्या वाढवायच्या, असे बेत बहुतेक घरांत चाललेले असतात. पिकाचा विमा आता आपल्या ओळखीचा झाला आहे. जनावरांचाही विमा अनेकजण उतरवतात. पण आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च ज्या घरावर होतो त्याचा विमा मात्र खेड्यात क्वचितच उतरवलेला दिसतो. घर कसे बांधले म्हणजे ते भूकंप, वादळ व पूर यांत टिकते, आणि तसे बांधल्याने विम्याचा हप्ता कमी होतो का, या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार या लेखात केला आहे.

घरे का पडतात?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सात हजारांहून अधिक माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात, पण प्रत्येक ठिकाणी एवढी माणसे मरत नाहीत. येथे माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे.

त्या भागातील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग वेगवेगळे रचून मध्ये दगडगोटे व माती भरलेली असे. वर लाकडी फळ्यांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहत, पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकत गेल्याने माळवदाचे वजन वाढत गेले. जमीन हलताच भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली, दगड ढासळले आणि झोपलेली माणसे त्याखाली सापडली. अनेक ठिकाणी आतला लाकडी खणांचा सांगाडा उभा होता आणि भिंत तेवढी कोसळली होती. सांधलेला सांगाडा टिकतो व सुटी रचना पडते, हा धडा तेथेच मिळाला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भूकंपापूर्वी नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ सालच्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात होता. “आमच्याकडे कधी भूकंप झालाच नाही” यावर विसंबून राहू नये.

वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांचे पत्रे व कौले उडाली आणि उघड्या पडलेल्या घरातला दाणागोटा पावसात भिजला. वारा छताच्या कडेखाली शिरून छत वर उचलतो. नुसते वजन ठेवलेले छत त्यापुढे टिकत नाही. पुराची तऱ्हा आणखी निराळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळुणात पाणी घरांत शिरले. तेथे मातीच्या सांध्याच्या भिंती खालून विरघळून खचल्या. सिमेंटात बांधलेल्या व चांगल्या पायाच्या घरांचे सामान गेले, पण घर उभे राहिले.

काँक्रीट म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे

स्लॅबचे घर म्हणजे पक्के घर, असा आपला समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दगडमातीच्या घरांबरोबर काँक्रीटच्या अनेक इमारतीही पडल्या, अगदी दूरच्या अहमदाबादेतही. तळमजला वाहनांसाठी किंवा दुकानांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवणे, सळईच्या रिंगा लांब लांब बांधणे व काँक्रीट नीट न भरणे, ही त्याची प्रमुख कारणे. कमकुवत भिंतींवर जड स्लॅब टाकणे हे तर माळवदापेक्षाही घातक ठरू शकते. म्हणून सिमेंट व सळई किती वापरली यापेक्षा ती कोठे व कशी वापरली, याला महत्त्व आहे.

घर बांधताना पाळावयाच्या गोष्टी

१) जागा व पाया: ओढ्याच्या काठी, भरावावर किंवा डोंगर-उताराच्या तोंडाशी घर बांधू नये. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा ठिकाणी पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि पायाच्या चरात काळी माती परत भरू नये, मुरूम भरावा. गावात पुराची जी सर्वांत मोठी खूण माहीत असेल तिच्यापेक्षा जोते उंच ठेवावे.

२) घराचा आकार: साधा चौकोनी किंवा आयताकृती नकाशा उत्तम. एका भिंतीतील दारे-खिडक्यांची एकत्रित रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी असावी. कोपऱ्यापासून पहिली खिडकी किमान दोन फूट दूर ठेवावी.

३) काँक्रीटचे पट्टे: भिंतींवर उभारलेल्या घराचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. पिंपाला जशी लोखंडी कडी, तसा घराला काँक्रीटचा पट्टा. जोत्याला एक, दारे-खिडक्यांच्या वर लिंटल पातळीला एक, आणि छत पत्र्याचे किंवा कौलांचे असल्यास छताखाली एक, असे पट्टे सर्व भिंतींवरून अखंड फिरवावेत. केवळ दाराच्या वर तुकडा टाकून थांबू नये. पट्टा किमान ७५ मि.मी. जाड असावा व त्यात दोन सळया घालून दर १५० मि.मी. अंतरावर ६ मि.मी. च्या आडव्या कड्या बांधाव्यात. पाच मीटरपर्यंतच्या भिंतीसाठी साधारणपणे १० मि.मी. ची सळई चालते. नेमके माप अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. कोपऱ्यात सळई तोडू नये, वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी आत न्यावी.

४) उभी सळई: घराच्या प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंती मिळतात तेथे पायापासून छतापर्यंत एक उभी सळई घ्यावी व ती पट्ट्यांच्या सळयांना बांधावी.

५) दगडी भिंत असल्यास: जाडी ४५० मि.मी. पेक्षा जास्त नको. उंचीत दर ६०० मि.मी. ला व लांबीत दर १.२ मीटरला भिंतीच्या दोन्ही अंगांतून आरपार जाणारा लांब दगड बसवावा. तसा दगड न मिळाल्यास त्या जागी काँक्रीट भरून मध्ये सळईचा आकडा घालावा. दर्जा सिमेंटचा वापरावा, मातीचा नको.

६) खांब-तुळयांचे घर असल्यास: आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्यावा. रिंगेची टोके ९० नव्हे तर १३५ अंशांत आत वळवावीत, म्हणजे धक्क्यात रिंग उघडत नाही. खांबाच्या वरच्या व खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ, १०० मि.मी. च्या आत बांधाव्यात. नऊ इंची भिंतीत लपावा म्हणून खांब नऊ इंचीच ठेवण्याची पद्धत आहे. भूकंपरोधक बांधकामाच्या २०१६ च्या भारतीय मानकाने खांबाची किमान बाजू ३०० मि.मी. सांगितली आहे. सळई घेताना ‘५०० डी’ अशी खूण पाहावी. ‘डी’ अक्षराची सळई तुटण्यापूर्वी अधिक ताणली जाते.

७) काँक्रीट: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे प्रमाण मापाच्या पेटीने मोजून घ्यावे, घमेल्याच्या अंदाजाने नको. एका पोत्याला २५ ते २७ लिटरपेक्षा जास्त पाणी नको. वाळू ओली असल्यास आणखी कमी घ्यावे. पातळ काँक्रीट ओतायला सोपे जाते, पण वाळल्यावर कमकुवत होते. निदान दहा ते चौदा दिवस पाणी मारावे. शेतातल्या पिकाप्रमाणेच काँक्रीटलाही पहिले दोन आठवडे पाण्याची गरज असते. कोकण किनाऱ्यावर समुद्राची वाळू व मचूळ पाणी वापरू नये, आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण जाड ठेवावे. नाहीतर काही वर्षांतच सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे निघतात.

८) छत पत्र्याचे असल्यास: पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. छताचा सांगाडा वरच्या पट्ट्यात गाडलेल्या बोल्टने जखडावा. पत्र्याच्या कडेला व कोपऱ्यांना बोल्ट जवळजवळ घ्यावेत, कारण वारा तेथूनच पत्रा उचलतो. पत्र्याची पागोळी फार लांब बाहेर काढू नये. चारी बाजूंना उतार असलेले छत दोन उतारांच्या छतापेक्षा वाऱ्याला चांगले तोंड देते.

या सगळ्याला खर्च किती?

समजा, घराच्या नऊ इंची भिंतींची आतली-बाहेरची मिळून लांबी ४० मीटर आहे. एका पट्ट्याला साधारण ०.७ घनमीटर काँक्रीट, म्हणजे सुमारे सहा पोती सिमेंट आणि कड्यांसह ६० ते ६५ किलो सळई लागते. स्लॅबच्या घराला जोते व लिंटल असे दोन पट्टे पुरतात, म्हणजे बारा पोती सिमेंट व सुमारे १३० किलो सळई. कोपऱ्यांतील आठ उभ्या सळयांना १२ मि.मी. ची ३० किलोच्या आसपास सळई लागेल. आपल्या बाजारातील आजच्या भावाने याचा हिशेब करावा. घराच्या एकूण खर्चात ही रक्कम लहान असते. फरशी किंवा बाहेरच्या रंगकामावर आपण याहून अधिक खर्च सहज करतो.

घराचा विमा म्हणजे काय?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली. तिच्या ठळक बाबी अशा:

- आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल इत्यादी कारणांनी झालेले नुकसान एकाच पॉलिसीत येते. भूकंपासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही.
- घराची विमा रक्कम म्हणजे घर पुन्हा बांधण्याचा खर्च. चटई क्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून ती काढतात. जागेची किंमत त्यात धरत नाहीत, कारण जागा कोठे जात नाही.
- घराचा विमा घेतला की घरातील सर्वसाधारण सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते.
- पॉलिसीच्या मुदतीत घराची विमा रक्कम वर्षाला १० टक्के या प्रमाणात वाढत जाते.
- पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते.

गोठ्यातील जनावरे, विक्रीसाठी साठवलेला माल व शेतावरचा पंप यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. हे सर्व घराच्या विम्यात आले असे गृहीत धरू नये.

हप्ता कशाने कमी-जास्त होतो?

२००७ च्या जानेवारीपासून आगीच्या विम्याचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. त्यामुळे एकाच घराला दोन कंपन्यांचा हप्ता वेगळा असू शकतो. सर्वसाधारणपणे विमा रक्कम, घराचे ठिकाण, बांधकामाचा प्रकार, घराचे वय व मुदत यांवर हप्ता अवलंबून असतो. निदान दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत.

बांधकामाच्या प्रकारात ‘कच्चे’ व ‘पक्के’ हा मुख्य भेद आहे. भिंती किंवा छत लाकडी फळ्या, गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री अशा वस्तूंचे असेल तर ते कच्चे बांधकाम. आगीचा व वाऱ्याचा धोका जास्त म्हणून त्याला दर जास्त पडतो. काँक्रीट, वीट, सिमेंट यांच्या घराला दर कमी असतो. येथे काँक्रीटच्या घराचा पहिला फायदा होतो.

हिशेब समजावा म्हणून काल्पनिक दर घेऊन पाहू. घराचे चटई क्षेत्र ५० चौरस मीटर व बांधकामाचा दर चौरस मीटरला १५,००० रुपये धरला तर विमा रक्कम साडेसात लाख रुपये होते. पक्क्या घराला हजारी ५० पैसे दर धरल्यास वर्षाचा हप्ता ३७५ रुपये, आणि कच्च्या घराला हजारी दीड रुपया धरल्यास १,१२५ रुपये, वर कर वेगळा. फरक वर्षाला ७५० रुपयांचा, दहा वर्षांत साडेसात हजारांचा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वरील व्याख्येत दगडमातीची भिंत कच्च्या बांधकामात येत नाही. तसेच पट्टे घातलेले व न घातलेले विटांचे घर, दोन्ही कागदावर पक्केच असतात. म्हणजे हप्ता कमी बसला याचा अर्थ घर सुरक्षित आहे असा होत नाही. पट्ट्यांबद्दल खास सवलत द्यावी असे बंधन आपल्याकडे कंपन्यांवर नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने प्रचंड हानी केल्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले. छत भिंतीला कसे जखडले आहे, छताचा आकार कोणता, खिडक्यांना झडपा आहेत का, याची तपासणी करून अहवाल दिल्यास कंपनीने हप्त्यात सूट द्यावी असा तेथे कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी त्यातला मुद्दा घेण्यासारखा आहे. घर मजबूत आहे हे कागदाने व छायाचित्रांनी दाखवता आले पाहिजे. ते जवळ असेल तर दर ठरवताना सवलत मागता येते आणि नुकसानभरपाईच्या वेळी वाद कमी होतात.

मग खरा फायदा कोणता?

पट्टे हप्त्यासाठी घालावयाचे नाहीत, ते घरातल्या माणसांसाठी घालावयाचे. विमा भिंतीचे पैसे देतो, भिंतीखाली गेलेले माणूस परत देत नाही. मजबूत घराला लहान धक्क्यात तडा जात नाही, पत्रे उडत नाहीत, बियाणे भिजत नाही, म्हणजे दरवेळी भरपाईसाठी धावावे लागत नाही. आणि एवढे करूनही मोठी आपत्ती आलीच, तर घर पुन्हा उभारण्याचा पैसा विम्यातून मिळतो. सरकारी मदत मिळते, पण ती ठरावीक असते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरले होते. एवढ्या रकमेत घर उभे राहत नाही, हे आपण जाणताच. म्हणून मजबूत बांधकाम आणि विमा या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, एकीच्या बदल्यात दुसरी नव्हे.

विमा उतरवताना व भरपाई मागताना

१) अर्जात बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ व वर्ष खरे लिहावे. हप्ता वाचावा म्हणून गवताच्या पडवीला स्लॅब म्हणू नये. खोटी माहिती आढळल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते.

२) काँक्रीट ओतण्यापूर्वी पट्ट्यांतील व कोपऱ्यांतील सळईची छायाचित्रे काढावीत. सिमेंट व सळईच्या पावत्या, अभियंत्याचा नकाशा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा एकत्र ठेवावा. त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी, म्हणजे पुरात सर्व कागद एकदम जाणार नाहीत.

३) घरासाठी कर्ज घेतले असल्यास बँकेने विमा उतरवला आहे का, किती रकमेचा व किती मुदतीचा, हे विचारून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी.

४) नव्या खोल्या वाढवल्या, छत बदलले तर कंपनीला कळवावे.

५) भराव खचणे, नव्या घराचे नेहमीचे बसणे-तडकणे, निकृष्ट साहित्य किंवा सदोष काम यांमुळे जमीन व घर खचल्यास भरपाई मिळत नाही. गवंड्याची चूक विमा भरून देत नाही.

६) नुकसान झाल्यास प्रथम माणसांची सुरक्षितता पाहावी. मग कंपनीला ताबडतोब कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत पडलेला भाग शक्य तो हलवू नये. कंपनीने तक्रारीची दखल न घेतल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते.

जुने घर असल्यास

सर्वांनाच नवे घर बांधणे शक्य नसते. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात मोठ्या संख्येने जुनी घरे दुरुस्त व मजबूत करण्यात आली. माळवदावरची जादा माती उतरवून वजन कमी करणे, दगडी भिंतीला आरपार छिद्रे पाडून सळई घालून काँक्रीट भरणे, लिंटल पातळीला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जाळी बांधून सिमेंटचा पट्टा मारणे, आणि छत भिंतींना जखडणे, ही कामे राहते घर न पाडता करता येतात. सुरुवात माळवदाची माती उतरवण्यापासून करावी. त्याला मजुरीखेरीज काही लागत नाही. त्यानंतर ज्या खोलीत घरातली लहान मुले व वृद्ध झोपतात ती खोली प्रथम मजबूत करून घ्यावी.

यंदा घराचे काम काढणार असाल तर पाया खणण्यापूर्वीच गवंड्याशी पट्ट्यांविषयी बोलून घ्यावे. भिंत लिंटलच्या वर गेल्यावर पट्टा आठवून उपयोग नाही. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्याचा सल्ला घ्यावा, दोन-तीन विमा कंपन्यांकडे दर विचारावेत आणि घराच्या अंदाजपत्रकात सिमेंट, वाळू, सळई यांच्या खाली विम्याच्या हप्त्याची एक ओळ आजच लिहून ठेवावी.